राखेतला वाल

हौसाबाई आमच्या इमारतीत राहायला आली त्याला सात वर्षं झाली, पण ती आम्हाला खरी दिसली ती गेल्या वर्षीच्या गणपतीनंतर, पंधरा थर्माकोलच्या पेट्यांसकट. करंज्याला दिलेली तिची लेक रूपा आणि जावई यांनी त्या टेम्पोने पाठवल्या होत्या. बंदरावर मासळी बर्फात घालून ठेवतात त्या पेट्या. टेम्पो गेटातून आत आला आणि त्याच्यामागून आमच्या रोडपालीतली यच्चयावत मांजरं आली.

मी तेव्हा कट्ट्यावर बसलो होतो. मी सोसायटीचा चेअरमन नाही की सेक्रेटरी नाही. पण पनवेलच्या एसटी स्टँडवर चोवीस वर्षं मी कंट्रोलर होतो. गणपतीच्या गर्दीत ज्याने महाडचा माणूस रोह्याच्या गाडीत चढू दिला नाही, त्याला निवृत्त झाल्यावर गप्प बसवत नाही. मी उठलो आणि ही घाण कुणाची, असं विचारलं. नऊवारी नेसलेली, किरकोळ अंगाची एक बाई टेम्पोतून खाली उतरली आणि म्हणाली, माझी, जरा हात लावा. मी हात लावला. का लावला ते मला आजही सांगता येत नाही, पण पुढच्या सहा महिन्यांत त्या बाईने मला सांगितलेलं एकही काम मी नाकारू शकलो नाही.

इमारतीच्या मागे, भिंतीला लागून, चाळीस पावलं लांबीची एक पट्टी आहे. बिल्डरने तिथे विटांचे तुकडे, फुटक्या फरशा आणि सिमेंटचे गट्टे टाकून ठेवले होते. आम्ही म्हातारी मंडळी रोज संध्याकाळी त्या पट्टीकडे पाठ करून बसायचो आणि एकमेकांना आपापली साखर सांगायचो. मी, तळमजल्यावरचे सत्यजीतराव आणि चौथ्या मजल्यावरच्या हेतलबेन. सत्यजीतराव कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे ते काहीही मोजल्याशिवाय मानत नाहीत. हेतलबेन काहीही व्हिडिओत बघितल्याशिवाय मानत नाहीत. मी तर काहीच मानत नाही.

पेट्या उतरवल्यावर हौसाबाईने त्या पट्टीतली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. आम्ही तिघेही बघत राहिलो. सत्यजीतरावांनी घाईघाईने सांगितलं की माती तपासायला कागदाच्या पट्ट्या मिळतात, ते मागवतील. तिने माती बाजूला थुंकली.

"खारी हाय," ती म्हणाली. "आदी चार दिस पानी पाजू, मंग बगू."

आठ दिवसांनी कागदाच्या पट्ट्या आल्या. सत्यजीतरावांनी बाटलीत माती ढवळली, रंग जुळवला, गंभीर चेहऱ्याने वहीत लिहिलं आणि जाहीर केलं की जमिनीत क्षार जास्त आहेत. तोवर आमचं पाणी पाजून झालं होतं.

तिची जीभ अशी पारखी का, ते हळूहळू कळलं. तिचं सासर खाडीकाठचं. नवरा जगन, त्याला जाऊन आता बारा वर्षं झाली. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मिठागर, असा दोघांचा जन्म गेला. मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले आहेत, आणि ते ती अभिमानाने दाखवते. पुढे विमानतळासाठी गाव उठलं. मुलगा रमेश कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, त्याने आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईला आणलं.

आता एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. आम्हाला ती फार उशिरा कळली, पण तुम्हाला आधी माहीत असली म्हणजे आमचा मूर्खपणा नीट दिसेल. हौसाबाईकडे पत्र्याचा एक डबा होता आणि त्या डब्यात, राखेत घोळवून ठेवलेलं, वालाचं बी होतं. तिची सासू चिरनेरची. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत ते वाल बांधून घेऊन आली होती. भात कापलं की दर वर्षी ते बांधाला लागायचे. गाव उठल्यावर हौसाबाई ते गॅलरीत, दोन बादल्यांत लावायची. मग रमेशने एसी बसवला, गॅलरीला काचा लावल्या आणि दोन हंगाम वाल लागलाच नाही. तिच्या हिशोबाने वालाचं बी तिसऱ्या वर्षी दगा देतं. डब्यात उरलेले दाणे होते बावीस. यंदा उगवले तर उगवले, नाहीतर चिरनेरहून निघालेला तो वाल आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर संपणार होता. म्हणून पेट्या आल्या होत्या.

पण ती बाई असं रडगाणं गात बसणारी नव्हती. तिने आम्हाला कामाला लावलं. राडारोडा उचलायला माणसं लावली, त्यांच्यामागे मी उभा राहिलो. पेट्यांना खालून भोकं पाडली सत्यजीतरावांनी, प्रत्येक पेटीला सारख्या अंतरावर नऊ. हेतलबेननी भाजीची देठं, सालं गोळा करायची पद्धत इमारतीत सुरू केली. मिरची, वांगी, अळू, माठ, दोडका, असं काय काय लागलं. हौसाबाई रोपं द्यायला कधी मागेपुढे पाहायची नाही. शेजारच्या इमारतीतल्या बायका येऊन मिरचीची रोपं घेऊन जायच्या. एका बाईने न विचारता जास्वंदीची फांदी मोडून नेली, तर मी ओरडायला निघालो, आणि हौसाबाईने मला थांबवलं. म्हणाली, नेऊ द्या, चोरीचं झाड जास्त लागतं. मला हे पटणं शक्यच नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पाटी लिहिली: 'विचारल्याशिवाय पानालाही हात लावू नये. हुकमावरून.' हेतलबेननी कढीपत्त्याची दोन पानं घेतली तेव्हा त्यांना मी ती पाटी मोठ्याने वाचायला लावली होती. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्यावरच येणार आहे.

दिवाळी झाली आणि हौसाबाईने डबा खाली आणला. प्रत्येक दाणा राखेतून काढून, फुंकून, ती पाच पेट्यांत लावत होती. दाणे चपटे, तांबूस, कडेला काळी रेघ. मी म्हटलं, चार मलाही द्या, माझ्या गॅलरीत लावतो. आजवर जी बाई रोपांची अख्खी जुडी हातात देत होती, तिने मान हलवली.

"यंदा नाय, कंट्रोलरदादा. पुढल्या वरसाला मागा, ओंजल भरून देईन."

मला राग आला. खरं सांगतो, लहान मुलाला येतो तसा आला. मी विटा उचलवल्या, मांजरं हाकलली आणि मला चार दाणे नाहीत? ती पाण्याचा डबा आणायला नळाकडे गेली. बियांचा डबा उघडाच होता. मी तीन दाणे उचलले आणि शर्टाच्या खिशात टाकले. चोवीस वर्षांत एसटीची टाचणी घरी न नेलेला मी, काशिराम, वालाचे तीन दाणे चोरून जिना चढलो.

रंगाची रिकामी बादली होती, तिच्यात लावले. बायकोला सांगितलं, बाजारातनं आणलेत. मैना म्हणाली, बाजारातल्या बियांना राख कशी लागली? मी म्हटलं, हल्ली अशीच मिळतात. संसाराची चाळीस वर्षं झाली की बायको पुढचा प्रश्न विचारत नाही, नुसती बघते.

खाली पेट्यांत एकोणीसपैकी अकरा उगवले. वरती माझ्या बादलीत एकच. आमच्या गॅलरीत ऊन फक्त दुपारी येतं, त्यामुळे माझा वेल रखडत रखडत वाढला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढला. मैना दोरीवरून साडी काढायला गेली की मी असा ओरडायचो की खालून लोक वर बघायचे.

थंडी पडली तशी हौसाबाई संध्याकाळी कट्ट्यावर बसून पोपटीच्या गोष्टी सांगायला लागली. तुमच्यापैकी जे पनवेल-पेणकडचे नसतील त्यांच्यासाठी: मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, हवे तर बटाटे नि अंडी, ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. शेतात, वीस-पंचवीस माणसांत. ती सांगायची आणि आमच्या तोंडाला पाणी सुटायचं. खाली पेट्यांतले वेल शेंगांनी लगडले होते, पण ती एक शेंग तोडत नव्हती, आम्हालाही तोडू देत नव्हती. आमची तिघांची खात्री झाली की म्हातारीच्या मनात पोपटी आहे, पण सांगायला लाजते आहे. तिला आणि लाज, हे आमच्या डोक्यात कसं आलं कोण जाणे.

फेब्रुवारीत ती चार दिवस करंज्याला गेली, रूपाच्या दिराच्या हळदीला. जाताना लवकर तयार झालेले चार वेल तिने मुळासकट उपटले आणि शेंगांसकट भिंतीच्या गजांना उलटे टांगले. कुणाला काही सांगितलं नाही. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, म्हणजे बी धरतं, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. आम्ही तिघं पदवीधर होतो.

बेत माझा. हौसाबाई रविवारी संध्याकाळी येणार, तिला येताक्षणी पोपटी खायला घालायची. पनवेलच्या कुंभाराकडून दोन मडकी आणली, एक हेतलबेनच्या जैन पोपटीचं, बटाटा नाही, अंडं नाही, आणि एक आम्हा पापी लोकांचं. भांबुर्डा स्टील मार्केटच्या मागच्या मोकळ्या जागेतून आणला. पाच पेट्यांतल्या झाडून सगळ्या कोवळ्या शेंगा तोडल्या. हेतलबेननी व्हिडिओत बघितलं होतं की छाटणी केली की नवी फूट येते, म्हणून सत्यजीतरावांनी पेट्यांत उरलेले सातही वेल मुळापाशी मोजून चार बोटांवर छाटले. जाळाला सुकं सरपण कमी पडायला लागलं तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं. भिंतीच्या गजांना वाळका कचरा टांगलेला होता. मला अस्वच्छता खपत नाही. मी तो ओढून काढला आणि जाळात टाकला. छान तडतडला.

हौसाबाई गेटातून आली तीच नाक वर करून, वास घेत. चेहरा असा फुलला की आम्हाला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. तिने मडक्यावर हाताने पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडालं, तेव्हा झालं म्हणाली. इमारतीतले पंचवीसेक लोक जमले होते. ती मधोमध बसली, दोन्ही मडक्यांतलं खाल्लं, मीठ जरा कमी आहे म्हणाली, हेतलबेनच्या पाठीवर थाप मारली. मग हात पुसत पेट्यांकडे गेली आणि तिथून भिंतीकडे.

"हितं वेल टांगलेले. कुटं हायेत?"

"ते होय," मी म्हटलं. "कचरा साफ केला. जाळाला चांगला उपयोग झाला."

तिने जाळाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली की पोपटी बरी झाली होती, आणि जिना चढून वर गेली. इतकंच. ओरडली असती तर मला समजलं असतं.

सोमवारी ती खाली आली नाही. संध्याकाळी रमेश भेटला, त्याने बावीस दाण्यांची आणि चिरनेरच्या आजीची गोष्ट सांगितली. तोही अपराध्यासारखाच उभा होता, कारण गॅलरीच्या काचा त्याने लावल्या होत्या. आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो. त्या संध्याकाळी कुणी कुणाला साखर विचारली नाही.

मंगळवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर हौसाबाई जाळाच्या जागी उकिडवी बसली होती. पोपटीची राख ती ओंजळीने गोळा करून डब्यात भरत होती. तिसरा दिवस होता. तिसऱ्या दिवशी राख सावडणाऱ्या माणसांना मी स्मशानात पाहिलं आहे. दूध न आणता मी वर गेलो आणि गॅलरीत उभा राहिलो. दोरीवर माझा चोरटा वेल होता. त्याला सहा शेंगा होत्या, हिरव्या. मी त्या सहा वेळा मोजल्या. सुटका समोर टांगली होती आणि तिच्याकडे जायला मला सगळ्या इमारतीसमोर चोर व्हावं लागणार होतं.

मैना मागे येऊन उभी राहिली. "जा आता," ती म्हणाली. "मला दिवाळीपासून माहीत आहे."

तिसऱ्या मजल्यावर हौसाबाईच्या घरी सत्यजीतराव आणि हेतलबेन आधीच माफी मागायला येऊन बसले होते. मी दारातच उभा राहिलो आणि स्टँडवर गाडी लागल्याचं सांगायचो त्याच आवाजात सांगून टाकलं: तीन दाणे, शर्टाचा खिसा, रंगाची बादली, एक वेल, सहा शेंगा. हेतलबेन अगदी शांतपणे म्हणाल्या, काशिरामभाई, ती पाटी जरा मोठ्याने वाचून दाखवता का? मी वाचली. पाठ होतीच. हुकमावरून इथपर्यंत आलो तेव्हा हौसाबाई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि माझेही भरून आले, ते मी लपवलं नाही.

ती चपला न घालताच आमच्या घरी आली. वेलाची पानं उलटून बघितली, शेंगा दाबून बघितल्या आणि म्हणाली, चोरीचं झाड लागतं म्हटलं तर तुम्हाला पटत नव्हतं.

पुढचा सव्वा महिना आमच्या गॅलरीवर अख्ख्या इमारतीचा पहारा होता. कबुतरं हाकलायला मी दिवसभर. सत्यजीतराव सकाळ-संध्याकाळ येऊन शेंगा किती पिवळ्या झाल्या ते वहीत लिहायचे. मैनेने कपडे सव्वा महिना बेडरूममध्ये वाळत घातले आणि एक शब्द बोलली नाही, त्याबद्दल तिचं देणं मी फेडतो आहे. एक शेंग किडीने गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. बाकीच्या पाच गुढीपाडव्याच्या आसपास वाळून खडखडीत झाल्या.

हौसाबाईने त्या आमच्या बैठकीच्या खोलीत, वर्तमानपत्रावर सोलल्या. दाणे निघाले सतरा. चपटे, तांबूस, कडेला काळी रेघ. मी तिचा पत्र्याचा डबा पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि दाण्यांचे लहान लहान ढीग करायला लागली. चार हेतलबेनना, चार सत्यजीतरावांना, चार स्वतःला, पाच माझ्यासमोर. मी घाबरलो. म्हटलं, आमच्या हातात कशाला देता, आम्ही काय केलं ते बघितलंत ना? सगळे तुमच्याजवळच ठेवा.

"माज्याजवल होते म्हनून तर जलाले," ती म्हणाली. "गावात बी कंदी एका घरात नसायचं. माजं गेलं तर शेजारनीकडं मिलायचं, तिचं गेलं तर माज्याकडं. गाव उठलं तवा शेजारीन नाय उरली, म्हनून डबा धरून बसली व्हती. आता हायेत."

हेतलबेननी पदराने डोळे पुसले. सत्यजीतरावांनी चष्मा पुसला आणि विचारलं की बी राखेत ठेवायचं असतं, तर राख आणायची कुठून, सगळ्यांच्या घरी गॅस आहे. हौसाबाईने पिशवीतून गोड्या मसाल्याचे तीन जुने डबे काढले. प्रत्येकात चाळलेली, मऊ, करडी राख होती. त्या मंगळवारी गोळा केलेली, पोपटीच्या जाळाची. जळलेल्या वेलांची.

मी विचारलं, तेव्हा तर तुम्हाला माझ्या बादलीचा पत्ताही नव्हता, मग राख कशाला भरलीत? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी महाडच्या माणसाला रोह्याच्या गाडीत बसवलं होतं.

"राख कोन टाकतं व्हय?" ती म्हणाली. "बी मिलतं कुटून तरी."

माझे पाच दाणे त्या डब्यात आहेत. डबा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी, मैनेच्या ताब्यात. पाटी मी काढून टाकली. यंदा दिवाळीनंतर गॅलरीत तीन दाणे लावणार आहे, आणि उरलेल्या दोन दाण्यांचा डबा जरा वेळ उघडा ठेवणार आहे. शेजारच्या इमारतीतली ती जास्वंदवाली बाई हल्ली आमच्याकडे वरचेवर येते.